आकाशांतून मोजलेलें अरण्य

अरण्य तोडणाराचा सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू मित्र म्हणजे अंतर. झाड पडतें त्याचा आवाज फार तर कोसभर जातो; त्यापलीकडे तें पडलें कीं उभें आहे हें सांगणारा कोणी नसतो. राजधानींतील अंमलदार, न्यायासनावरील न्यायाधीश, वृत्तपत्राचा संपादक हे सारे त्या कोसाच्या बाहेरचे. पुढेंमागें कोणी चौकशीस गेलाच, तर त्याला दिसतें तें गवताचें कुरण, त्यावर चरणारीं गुरें आणि ही जमीन प्रथमपासून अशीच होती असें शपथेवर सांगणारा मालक. येथें अरण्य होतें याचा पुरावा अरण्याबरोबरच जळून गेलेला असतो.

श्रोतेहो, दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत, अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत, हें अंतर कापून काढण्याचा एक मोठा प्रयोग गेल्या पन्नास वर्षांत झाला. त्याची साधनें होतीं कृत्रिम उपग्रह, गणकयंत्र आणि पुढें इंटरनेट. या साधनांच्या बळावर कांहीं वर्षें कुऱ्हाड खरोखरच आंवरली गेली. मग ती पुन्हां उचलली गेली आणि पुन्हां खालीं आली. वरवर पाहतां हा यंत्रांचा इतिहास वाटेल. मला मात्र तो एका आंकड्याचा इतिहास वाटतो. यंदा किती अरण्य पडलें, हा तो आंकडा. तो कोणी काढावा, किती दिवसांत काढावा आणि कोणाला सांगावा, या तीन प्रश्नांभोंवतीं सारी कथा फिरते.

प्रथम त्या प्रदेशाची कल्पना घेऊं. ब्राझीलच्या १९५३ सालच्या कायद्यानें ‘अमेझॉन प्रदेश’ म्हणून जो भाग आंखून दिला, तो आतां सुमारें पन्नास लक्ष चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्रासारखे सोळा प्रांत त्यांत मावतील. १९६४ सालीं ब्राझीलमध्यें लष्करी राजवट आली, आणि हा विस्तीर्ण प्रदेश ओसाड पडला आहे, तो भरून काढला नाहीं तर परकी सत्ता त्यावर डोळा ठेवतील, अशी भीति त्या राजवटीस वाटूं लागली. वस्तुतः तो ओसाड नव्हता. शेंकडों आदिवासी जमाती, नदीकांठचे कोळी आणि रबराचा चीक काढणारे मजूर तेथें पिढ्यान् पिढ्या राहत होते. पण सरकारी नकाशावर माणूस दिसण्यासाठीं त्याच्या नांवावर जमिनीचा कागद असावा लागतो, आणि तो यांच्यापाशीं नव्हता. १९६६ सालीं ‘सुदाम’ नांवाचें विकास-मंडळ स्थापन झालें आणि तेथें गुरांचीं कुरणें काढणाऱ्या भांडवलदारांस करांत भरघोस सूट मिळूं लागली. १९७० सालीं अरण्याच्या पोटांतून पूर्व-पश्चिम जाणारा अमेझॉनपार महामार्ग काढण्याचें ठरलें. त्याच वर्षीं ईशान्य ब्राझीलमध्यें भीषण अवर्षण पडलें होतें. तेथील भूमिहीनांना या मार्गाच्या दोहों बाजूंस वसवावें अशी योजना होती. झाडें तोडून जमीन मोकळी करणें ही ‘सुधारणा’ समजली जाई, आणि ज्यानें सुधारणा केली त्याचा जमिनीवरील हक्क बळकट होई. म्हणजे ज्याच्या हातीं कुऱ्हाड त्याच्या हातीं सातबारा, असा प्रकार होता.

याच काळांत साओ जोझे दोस कांपोस या गांवीं ब्राझीलची अंतराळ-संशोधन संस्था आकार घेत होती. तिचा उगम १९६१ सालचा. ‘इन्पे’ हें नांव तिला १९७१ सालीं मिळालें. फेर्नांदो दि मेंदोंसा हे तिचे पहिले संचालक. या गृहस्थांची दृष्टि दूरवरची होती. ज्या देशाचा निम्माअधिक भाग पायीं मोजणें अशक्य आहे, त्यानें तो आकाशांतून मोजावा, हें त्यांनीं ओळखलें. अमेरिकेचा पृथ्वीनिरीक्षण करणारा पहिला उपग्रह, पुढें ज्याला लॅंडसॅट म्हणूं लागले तो, २३ जुलै १९७२ रोजीं सोडण्यांत आला. आणि पुढच्याच वर्षीं ब्राझीलनें कुयाबा येथें त्याचे संदेश झेलणारें स्वतःचें केंद्र उभारलें. अमेरिका व कॅनडा यांच्यानंतर असें केंद्र असणारा हा जगांतील तिसरा देश. कुयाबा हें गांव दक्षिण अमेरिकेच्या जवळजवळ मध्यावर असल्यामुळें खंडाचा बहुतेक भाग त्या एका केंद्राच्या टप्प्यांत येई.

आणि या दिव्य दृष्टीचा पहिला उपयोग काय झाला? करांत सूट घेणारे भांडवलदार ठरल्याप्रमाणें अरण्य तोडतात कीं नाहीं, हें तपासण्यासाठीं! सरकारी पैसा घेऊन कोणी नुसती कागदावरच कुरणें काढूं नयेत, म्हणून हीं चित्रें पाहिलीं जात. जें यंत्र पुढें अरण्याचें राखणदार झालें, त्याची नोकरी प्रथम अरण्यतोडीचा मुकादम म्हणून लागली होती. यंत्राला स्वतःची नीति नसते हें आपण नेहमीं म्हणतों. पण त्याचें इतकें उघडें उदाहरण क्वचितच सांपडेल.

या चित्रांत अरण्य ओळखतात कसें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हिरवें पान तांबडा प्रकाश बहुतेक गिळून टाकतें. उलट, तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा जो अवरक्त प्रकाश, तो तें मोठ्या प्रमाणांत परत फेकतें. उघडी माती तसें करीत नाहीं. उपग्रह हे दोन्ही प्रकाश निरनिराळे मोजतो आणि आंकड्यांच्या रूपानें खालीं पाठवितो. घनदाट अरण्य, गवत आणि नुकतीच जळलेली जमीन यांच्या खुणा त्यामुळें वेगळ्या पडतात. पहिल्या लॅंडसॅटला सुमारें ऐशीं मीटरांपेक्षां लहान वस्तु दिसत नसे. १९८० नंतरच्या उपग्रहांना तीस मीटरांपर्यंतची दिसूं लागली. सोळा-अठरा दिवसांनीं उपग्रह पुन्हां त्याच जागेवर येई. अडचण एकच, आणि ती मोठी: ढग. वर्षावनावर वर्षांतले कितीतरी महिने ढगांचें छत असतें. जुलै-ऑगस्टच्या सुमारास आकाश कांहींसें निवळतें, म्हणून वनतोडीचें वर्ष ऑगस्ट ते जुलै असें धरण्याचा प्रघात पडला, आणि तो अद्याप चालू आहे.

या चित्रांवरून इन्पेनें पहिली मोजणी १९८० च्या आगेंमागें पुरी केली. १९७८ पर्यंत सुमारें ७७ हजार चौरस किलोमीटर अरण्य गेलें, असें तींत निघालें. एकंदर प्रदेशाच्या मानानें हें प्रमाण दीड टक्का. सरकार निश्चिंत झालें. पण टक्केवारीनें एक गोष्ट झांकली होती: ही तोड सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती, ती रस्त्यांच्या कडेला एकवटलेली होती आणि रस्ते वाढत होते. रोंडोनिया प्रांतांतून जाणारा महामार्ग १९८४ सालीं जागतिक बँकेच्या कर्जावर पक्का झाला आणि दक्षिणेकडून माणसांचे लोंढे तेथें लोटले. उपग्रहाच्या चित्रांत या प्रांताची जी आकृति उमटली ती एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. मधला मोठा रस्ता हा पाठीचा कणा, त्याला काटकोनांत फुटलेल्या वाटा या बरगड्या. माशाचें मांस खाऊन कांटा तेवढा ताटांत उरावा, तसें तें दृश्य होतें.

१९८७ सालीं इन्पेंतील शास्त्रज्ञ आल्बेर्तो सेत्झर यांनीं हवामानाच्या उपग्रहांकडे मोर्चा वळविला. ते उपग्रह रोजच्या रोज येत आणि उष्णता टिपीत. त्यांच्या चित्रांत, कोरड्या ऋतूंत, आगीचे असंख्य ठिपके दिसले. त्या एका वर्षांत सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटर भूमि जळली आणि तींतील ऐशीं हजार अरण्याची होती, असा हिशेब सेत्झर यांनीं मांडला. जगभरच्या वृत्तपत्रांत खळबळ उडाली. पुढें हा हिशेब बराच फुगलेला ठरला. त्या उपग्रहाचा एकेक ठिपका किलोमीटरभर रुंदीचा. त्यांत लहानशी आग पेटली तरी यंत्राची मापनशक्ति संपून जाई आणि सारा ठिपका पेटल्यासारखा दिसे. तथापि जगाचें लक्ष वेधलें गेलें तें गेलेंच. २२ डिसेंबर १९८८ रोजीं आक्रे प्रांतांतील शापुरी गांवीं, रबरकामगारांचे पुढारी शिको मेंडेस यांचा गोळी घालून खून झाला आणि ज्या अरण्याला आजवर आंकडे होते त्याला एक चेहरा मिळाला.

मग आंकड्यांचें युद्ध सुरू झालें. जागतिक बँकेच्या १९८९ च्या एका निबंधानें अमेझॉनचा सुमारें बारा टक्के भाग उजाड झाला असें म्हटलें. ब्राझीलच्या सरकारनें इन्पेच्या आधारें पांच टक्के सांगितले. सरकारच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसणार? परकी शास्त्रज्ञांना तो आंकडा सोयीस्कररीत्या लहान केलेला वाटला. परंतु १९९३ सालीं स्कोल आणि टकर या दोघां अमेरिकन संशोधकांनीं लॅंडसॅटचींच चित्रें नव्यानें मोजलीं, तेव्हां १९८८ पर्यंतची तोड दोन लक्ष तीस हजार चौरस किलोमीटर निघाली. म्हणजे इन्पेच्या आंकड्याशीं बरीचशी जुळणारी. बँकेच्या निबंधांतला आंकडा वाढीचा वेग कल्पनेनें पुढें ओढून काढलेला होता. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. आपल्याच सरकारला अनुकूल असा आंकडा खरा निघाला, म्हणूनच पुढें सरकारला प्रतिकूल आंकडे त्या संस्थेनें दिले तेव्हां त्यांना वजन आलें.

१९८८ पासून इन्पेनें दरवर्षींची मोजणी नियमानें हातीं घेतली. तिचें नांव ‘प्रोदेस’. सबंध प्रदेश झांकण्यास उपग्रहाचीं २२९ चित्रें लागत. तीं मोठाल्या कागदांवर छापून घ्यावयाचीं, त्यांवर पारदर्शक पत्रा अंथरावयाचा, आणि डोळ्यानें पाहून नव्या तोडीची कड हातानें रेखावयाची. मग ती रेघ गणकयंत्रांत उतरवावयाची. सहा-सव्वासहा हेक्टरांपेक्षां लहान तुकडा धरावयाचा नाहीं, आणि एकदां तोडलेला म्हणून नोंदलेला भाग पुन्हां मोजावयाचा नाहीं, मग त्यावर नवीन झुडुपें उगवलीं तरी. हा नियम कडक खरा, पण त्यामुळेंच एका वर्षाचा आंकडा दुसऱ्या वर्षाशीं ताडून पाहतां येतो. काम चोख होतें आणि संथ होतें. १९९५ सालीं २९,०५९ चौरस किलोमीटर अरण्य पडलें. आजवरच्या इतिहासांतला हा सर्वांत काळा आंकडा. तो लोकांपुढें केव्हां आला? १९९८ च्या जानेवारींत! तोंवर त्या जमिनीवर गुरांची तिसरी पिढी चरत होती. शिवाय प्रसिद्ध होई तो केवळ बेरजेचा आंकडा. कोणत्या तालुक्यांत, कोणाच्या जमिनींत किती तोड झाली हें दाखविणारे नकाशे संस्थेच्या कपाटांत राहत. बेरजेवर कोणाला दंड करतां येत नाहीं.

हें सारें बदललें तें २००३ आणि २००४ या दोन वर्षांत. जानेवारी २००३ मध्यें मरीना सिल्वा या पर्यावरणमंत्री झाल्या. या बाई आक्रे प्रांतांतील रबरकामगाराच्या घरच्या; सोळाव्या वर्षीं अक्षरओळख झालेल्या आणि शिको मेंडेस यांच्या सहकारी. अरण्य म्हणजे काय हें त्यांना नकाशावरून शिकावें लागलें नव्हतें. पण नकाशाचें मोल त्यांना पुरतें कळत होतें. प्रोदेसचे नकाशे कोणालाही घेतां येतील अशा रीतीनें इंटरनेटवर खुले करण्यांत आले. इन्पेंत या धोरणाचा कैवार जिल्बेर्तो कामारा यांनीं घेतला होता, ते पुढें २००५ मध्यें संस्थेचे संचालक झाले. ब्राझीलनें चीनच्या सहकार्यानें सोडलेल्या उपग्रहाचीं चित्रेंही २००४ पासून फुकट मिळूं लागलीं. अमेरिकेनें आपला लॅंडसॅटचा सांठा सर्वांस खुला केला तो त्यानंतर, २००८ सालीं. या बाबतींत ब्राझील श्रीमंत राष्ट्रांच्या पुढें होता, हें नमूद करून ठेवण्यासारखें आहे.

नकाशा उघडा झाल्यानें एक विलक्षण गोष्ट घडली. बेलेंमधील स्वतंत्र संशोधक, परदेशांतील विद्यापीठें, वृत्तपत्रें, आणि ज्यांच्या जमिनीचा प्रश्न होता ते जमीनमालकही इन्पेची मोजणी स्वतः तपासूं लागले. चूक असेल तर ती लगेच दिसूं लागली, आणि चुका फार निघत नाहींत हेंही दिसूं लागलें.

दुसरी गोष्ट वेगाची. २००४ सालीं ‘देतेर’ ही नवी पद्धति सुरू झाली. तींत बारीक दृष्टीचा लॅंडसॅट सोडून, रोज येणाऱ्या पण ठोकळ दृष्टीच्या उपग्रहांचा आश्रय केला होता. त्यांना पंचवीस हेक्टरांहून लहान तोड दिसत नसे. क्षेत्रफळ नेमकें काढण्यास हें साधन निरुपयोगी. पण ‘येथें, आतां, कांहींतरी चाललें आहे’ एवढें सांगण्यास पुरेसें. प्रथम पंधरवड्यानें आणि पुढें रोजच्या रोज अशा सूचना ‘इबामा’ या वनरक्षक खात्याकडे जाऊं लागल्या. अक्षांश-रेखांश हातांत घेऊन त्या खात्याचे लोक जीपनें, होडीनें, हेलिकॉप्टरनें निघत. झाडें अजून पडत असतांनाच ते पोंचूं लागले. यंत्रकरवती आणि ट्रॅक्टर जागच्या जागीं जप्त होत. दंड पुष्कळ बसे. वसूल मात्र फार थोडा होई, कारण वकील आणि अपिलें यांना तेथेंही तोटा नाहीं. अधिक परिणामकारक ठरलें तें जमिनीवरील बंदीचें अस्त्र. बंदी घातलेल्या जमिनीचें नांव इंटरनेटवर जाहीर होई आणि तिच्यावरचा माल उघडपणें विकणें कठीण होऊन बसे.

२००७ च्या अखेरीस देतेरनें तोड वाढत असल्याचें दाखविलें. माटो ग्रोसो प्रांताचे राज्यपाल ब्लायरो माग्गी, जे स्वतः सोयाबीनचे जगांतील मोठ्या बागाईतदारांपैकीं एक होते, त्यांनीं हे आंकडे खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला. इन्पेनें आपलीं चित्रें पुढें मांडलीं आणि माघार घेतली नाहीं. मध्यवर्ती सरकारही संस्थेच्या पाठीशीं राहिलें. जानेवारी २००८ मध्यें सर्वांत अधिक तोड होणाऱ्या ३६ नगरपालिकांची काळी यादी निघाली. आणि त्याच वर्षीं, जमिनीचे कागद व वनकायद्याचें पालन सिद्ध केल्याखेरीज अमेझॉनमधील शेतकऱ्यांस बँकेनें कर्ज देऊं नये, असा नियम झाला. पारा प्रांतांतील पारागोमिनास हें लांकूडकापीसाठीं कुप्रसिद्ध असलेलें गांव. तेथील मंडळींनीं एकत्र बसून, प्रत्येकाच्या शेताची हद्द उपग्रहाच्या नकाशावर नोंदवून, २०१० सालीं या यादींतून आपलें नांव सर्वांआधीं काढून घेतलें.

आतां आंकडे पाहा. २००४ मध्यें २७,७७२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोमंतकाएवढे सात प्रदेश एका वर्षांत. आणि २०१२ मध्यें ४,५७१. आठ वर्षांत पांच-षष्ठांश घट! याचें सारें श्रेय उपग्रहास देणें न्यायाचें होणार नाहीं. या काळांत लक्षावधि चौरस किलोमीटर अरण्य राखीव झालें, २००६ पासून सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनीं नव्यानें तोडलेल्या जमिनीवरचा माल न घेण्याचा करार पाळला, आणि मधल्या कांहीं वर्षांत सोयाबीन व गोमांस यांचे भावही उतरले होते. मग डोळ्याचा वांटा किती, हें ठरवावें कसें? ब्राझीलच्याच तीन अर्थशास्त्रज्ञांनीं यावर मोठी मार्मिक युक्ति काढली. त्यांनीं ढगांचा हिशेब केला. ज्या नगरपालिकांवर एखाद्या वर्षीं ढग अधिक राहिले, तेथें देतेरला कमी दिसलें. तेथें दंड कमी झाले, आणि तेथें पुढच्या वर्षीं अरण्य अधिक पडलें. ढगांना ना सोयाबीनचा भाव कळतो, ना मंत्र्याचा पक्ष. त्यामुळें फरक पडला तो दिसण्या-न दिसण्यामुळेंच, हें त्यांना दाखवितां आलें.

तोडणारेही स्वस्थ बसले नव्हते. देतेरला पंचवीस हेक्टरांखालीं दिसत नाहीं हें कळतांच तुकडे लहान होऊं लागले. ढगांआडून पाहण्यासाठीं कांहीं वर्षें जपानी उपग्रहाच्या रडारची मदत घेण्यांत आली. आणि येथें आपल्या देशाचा या कथेशीं संबंध येतो. २०११ च्या नोव्हेंबरांत जुना लॅंडसॅट निकामी झाला. नवा २०१३ पर्यंत सुटावयाचा नव्हता. सुमारें तेवीस वर्षांची मोजणीची सांखळी तुटण्याची वेळ आली होती. त्या पोकळींत ज्या उपग्रहांचीं चित्रें कामीं आलीं, त्यांत भारताचा रिसोर्ससॅट होता. पुढें देतेरची दृष्टि सूक्ष्म करण्यांत आली तेव्हांही चिनी-ब्राझिली उपग्रहाच्या जोडीला रिसोर्ससॅट-२ चीं चित्रें घेतलीं गेलीं. संपूर्ण ब्राझिली बनावटीचा पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह ‘अमेझोनिया-१’ हा तर २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं श्रीहरिकोट्याहूनच, भारतीय अग्निबाणावर, आकाशांत गेला.

पण तोंवर ब्राझीलमधील हवा पालटली होती. जानेवारी २०१९ मध्यें जाईर बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले. अमेझॉनमधील खाणी व शेती यांवरील निर्बंध त्यांना जाचक वाटत. जून २०१९ मधील देतेरच्या सूचना आदल्या वर्षीच्या जूनपेक्षां ८८ टक्क्यांनीं अधिक निघाल्या. १९ जुलै रोजीं परदेशी वार्ताहरांसमोर राष्ट्राध्यक्षांनीं हे आंकडे खोटे असल्याचें सांगून, इन्पेचे संचालक कोणा बाहेरच्या संस्थेच्या सेवेंत असावेत असा संशय बोलून दाखविला. संचालक होते रिकार्दो गाल्वाओ, भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनीं जाहीरपणें उत्तर दिलें, आपण राजीनामा देणार नाहीं असें सांगितलें, आणि २ ऑगस्टला त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें.

येथें १९९५ ची आठवण होते. त्या वर्षींचा आंकडा कोणी कोणाला पदच्युत न करतांही जवळजवळ अडीच वर्षें अंधारांत राहिला. २०१९ मध्यें मनुष्य गेला, पण आंकडा जागचा हलला नाहीं. कारण तो कोणाच्या कपाटांत नव्हता. नकाशे खुले होते, दुसऱ्या संशोधकांच्या स्वतंत्र मोजण्या तेंच सांगत होत्या, आणि प्रोदेसची सावकाश मोजणी पुरी झाली तेव्हां त्या वर्षींची तोड १०,१२९ चौरस किलोमीटर ठरली. आदल्या वर्षीं ती ७,५३६ होती. गाल्वाओ यांनीं खोटें सांगितलें नव्हतें.

दिसत होतें सर्व. पण जाणारे पाय बांधलेले होते. इबामाचे दंड रोडावले आणि मोहिमा मंदावल्या. देतेरच्या सूचना रोज येत राहिल्या, आणि तरीही २०२१ मध्यें तोड १३,०३८ चौरस किलोमीटरांवर गेली. त्या वर्षींचा अहवाल २७ ऑक्टोबर या तारखेचा आहे. प्रसिद्ध झाला तो १८ नोव्हेंबरला, ग्लासगो येथील जागतिक हवामान-परिषद आटोपल्यावर. तीन आठवड्यांची ही दिरंगाई. पूर्वींच्या अडीच वर्षांच्या मानानें ती किती थोडी, आणि तरी ती लपविता आली नाहीं!

२०२३ मध्यें सरकार बदललें. मरीना सिल्वा पुन्हां पर्यावरणमंत्री झाल्या; गाल्वाओ यांना देशाच्या संशोधन-परिषदेचें अध्यक्षपद मिळालें. इबामाचीं पथकें पुन्हां निघालीं. जुलै २०२४ ला संपलेल्या वर्षांत ६,२८८ चौरस किलोमीटर तोड झाली.

त्याच २०२४ सालीं अमेझॉनमध्यें मोठें अवर्षण होतें आणि नद्या आटल्या होत्या. कोरड्या पडलेल्या अरण्यांत, कुऱ्हाड न लागतां, प्रचंड आगी पसरल्या. आंतून करपलेलें पण उभें असलेलें झाड प्रोदेसच्या हिशेबांत तोडलेलें धरलें जात नाहीं. देतेरमध्यें अशा जळक्या अरण्यासाठीं निराळा रकाना आहे, आणि त्या वर्षीं तो भरभरून वाहिला. तोडीचा तुकडा कोणाच्या शेताला लागून आहे हें नकाशावर दिसतें. आग मात्र एका कुरणांतून निघून दहा जणांच्या हद्दी ओलांडून जाते, आणि पहिली काडी कोणी ओढली हें अजून कोणत्याही उपग्रहाला टिपतां आलेलें नाहीं.